बैठी नोकरी आणि पुन्हा फिटनेस: सिंहगडाच्या आधीचे दोन महिने

जिना चढताना धाप लागायला लागली की पुण्यात पहिल्यांदा सिंहगड आठवतो. रविवारी पहाटे आतकरवाडीतून चढाई, वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही, आणि सोमवारी हिंजवडीच्या कंपनी बसची पायरी चढताना मांड्या नाही म्हणतात. दोन आठवड्यांत ग्रुप शांत. यात गडाचा दोष नाही, त्याआधीची तयारी राहिलेली असते.

दमसास दोन-तीन आठवड्यांतच सुधारायला लागतो. स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या कंडरांना मात्र महिने लागतात. दम टिकतोय म्हणून वाढवत गेलात की नडगी, टाच किंवा गुडघा कुरकुरायला लागतो. त्यामुळे सगळं वाढवायचं ते कंडरांना झेपेल एवढंच. बीपी किंवा शुगर असेल, चालताना छातीत दडपण येत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

सुरुवात खुर्चीपासून. चाकाची नको, जेवणाच्या टेबलाची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हातांची घडी छातीवर, पावलं खांद्यांइतकी लांब. 10 वेळा उठा-बसा, मिनिटभर थांबा, पुन्हा 10. खाली येताना मनात तीन मोजा. धपकन बसलात तर अर्धा व्यायाम वाया. टाचा उचलल्या जात असतील तर पावलं जरा पुढे घ्या. गुडघे एकमेकांकडे झुकत असतील तर ते दिवसभर बसून कुल्ल्यांचे स्नायू सुस्तावल्याचं लक्षण. उठताना गुडघे करंगळीच्या दिशेला ढकला. 12 चे तीन सेट सहज व्हायला लागले की आट्याची पाच किलोची पिशवी छातीशी धरून तेच करा.

सोबत आणखी तीन प्रकार. स्वयंपाकघरातल्या ओट्याला हात टेकून दंड, 8 चे दोन सेट, कंबर लोंबू न देता. लॅपटॉपच्या सॅकमध्ये चार-पाच किलो भरा, एक हात टेबलावर टेकून वाका आणि दुसऱ्या हाताने सॅक वर ओढा, कोपर बरगडीला घासत मागे. आणि जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे ठेवून, कठडा धरून, टाचा सावकाश खाली सोडून वर, 12 वेळा. हा शेवटचा प्रकार लोक किरकोळ समजून टाळतात आणि पुढे टाचदुखी घेऊन येतात. सगळं मिळून वीस मिनिटं, आठवड्यातून तीनदा, मध्ये एकेक दिवस सोडून.

चालणं आठवड्यातून पाच दिवस, 20 मिनिटं. वेग असा की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. दर आठवड्याला फेरीमागे पाच मिनिटं वाढवा. जागतिक आरोग्य संघटनेचा आठवड्याला किमान 150 मिनिटांचा आकडा अशाने तिसऱ्या आठवड्यात गाठता येतो. आधी वेळ वाढवायचा, मग चढ, वेग सगळ्यात शेवटी. पहिला महिना सपाट रस्ताच बरा. मग पर्वती: 103 पायऱ्या, आठवड्यातून दोनदा, एकेकच फेरी. पायऱ्या रुंद आहेत म्हणून ढांगा टाकू नका. सहाव्या आठवड्यापासून वेताळ किंवा हनुमान टेकडी. तिथे खरी परीक्षा उतरताना असते: सुट्या मुरमावर पाय सटकतो आणि मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचं वजन पेलतात. पावलं छोटी टाका, गुडघा ताठ ठेवून आपटू नका. तळ झिजलेले बूट घालून जाऊ नका.

हे सगळं सकाळीच उरका. संध्याकाळच्या ट्रॅफिकच्या भरवशावर ठरवलेला व्यायाम होत नाही. ऑफिसात अर्ध्या तासाने उठायला हवं. त्यासाठी पाण्याची बाटली अर्ध्या लिटरचीच ठेवा, भरायला उठावंच लागेल. जेवणानंतर दहा मिनिटं चाललात तर रक्तातली साखरही कमी चढते.

खाण्यात आधी चहा बघा. दिवसाला पाच कप, दर कपाला दोन चमचे, म्हणजे 40 ते 50 ग्रॅम साखर. प्रथिनांचा आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) हिशोब वजनाच्या किलोमागे 0.83 ग्रॅम, 70 किलोच्या माणसाला रोज 58. नुसत्या पोह्यांनी त्यातलं फारसं भरत नाही. सोबत दोन अंडी घेतलीत तर 12 ग्रॅम मिळतात; शाकाहाऱ्यांनी मोड आलेल्या मटकीची उसळ किंवा पनीर घ्यावं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही मांड्या जड वाटल्या तर काळजी नको. पण एका बोटाने दाखवता येईल अशी जागा दुखत असेल, किंवा सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ येत असेल, तर आठवडाभर चढ बंद; सपाट चालणं दुखणं वाढत नसेल तरच. तरीही थांबलं नाही तर फिजिओथेरपिस्ट गाठा.

टेकडीवर पाऊण तास, दोन आठवडे, गुडघ्याची तक्रार नाही: एवढं जमलं की गड. चढ सुमारे 600 मीटरचा आहे. पहिल्या खेपेला गाडीरस्ता सुरू असेल तर उतरताना शेअर जीपने या. जीप आतकरवाडीतच सोडेल असं नाही, तेव्हा बाइक कुठे लावायची ते आधीच ठरवा.