सरकार डळमळू लागले की बातम्या कशा वाचाव्यात

सरकार पडणार अशी कुजबुज सुरू झाली, की नाशिकमध्ये सकाळच्या वर्तमानपत्राआधी वही उघडावी आणि पहिल्या ओळीवर २८८ (विधानसभेच्या एकूण जागा) व १४५ (बहुमतासाठी लागणारे आमदार) हे आकडे लिहावेत, कारण विधानसभेतील सत्तासंघर्ष अखेर बहुमताच्या या आकड्याशीच येऊन थांबतो. त्याखाली आपल्या जिल्ह्यातील १५ आमदारांचा पक्ष आणि त्यांनी स्वतः जाहीर केलेली भूमिका नोंदवावी. सूत्रांच्या हवाल्याने आलेली माहिती पेन्सिलीनेच लिहावी.

नंतर संविधानाची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, पाहावा. १९८५ च्या तरतुदीत एक तृतीयांश आमदारांच्या फुटीला संरक्षण होते. २००३ च्या दुरुस्तीने ते गेले, आणि आता विलीनीकरणाला दोन तृतीयांश आमदारांची संमती लागते. म्हणून ‘किती आमदार फुटले’ यापेक्षा ‘पक्षाच्या एकूण आमदारांपैकी किती’ हा प्रश्न मला मोलाचा वाटतो.

बहुमताची कसोटी सभागृहातच लागावी, हे सर्वोच्च न्यायालयातील बोम्मई खटल्यात १९९४ मध्ये स्पष्ट झाले. जून २०२२ मध्ये उद्धव ठाकरे यांनी विश्वासदर्शक ठरावापूर्वीच राजीनामा दिला. त्यामुळे बहुमत सिद्ध करायला सांगण्याचा राज्यपालांचा निर्णय अयोग्य ठरवूनही सर्वोच्च न्यायालयाला २०२३ मध्ये ते सरकार पुन्हा आणता आले नाही. राजीनामा मतदानाआधी आला की नंतर, हे वहीत ठळक लिहून ठेवावे.