टी-३४/८५ : पट्टा ताणलात की चाक हातात येतं

दुसऱ्या महायुद्धातल्या सोव्हिएत रणगाड्याचं, १:३५ मापाच्या टी-३४/८५ चं प्लास्टिक मॉडेल पहिलं किट म्हणून घेतलं असेल तर जुळणीला घाबरू नका. स्प्रूवरून (भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावरून) भाग दोनदा कापायचा, आधी लांबून, मग मुळाशी; उरलेलं बोंड ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायचं.

टरेट, म्हणजे तोफेचा फिरता बुरूज, मात्र गुळगुळीत ठेवू नका, खरं टरेट ओतीव पोलादाचं. पुटी पातळ सिमेंटमध्ये (प्लास्टिक जोडायच्या गोंदात) कालवून ताठ ब्रशने ठोकत लावा, वाळल्यावर ४०० नंबरने हलका हात फिरवा. हलचे, म्हणजे खालच्या धडाचे, पत्रे लाटलेले, तिथे ही खडबड नको. ओतीव टरेट जवळून बघायचं असेल तर अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात पॅटन रणगाड्यापाशी उभे राहा.

आता पट्टा. नव्या माणसाचं मॉडेल इथेच मरतं.

टी-३४ ला पट्टा वरून पेलणारे छोटे रोलर नाहीत, वरचा पट्टा सरळ मोठ्या चाकांवर टेकतो. किटमधला विनाइलचा पट्टा रबरासारखा, तो टेकत नाही, अधांतरी राहतो. मग आपण तो आखूड करून ताणतो. दिसायला नीटनेटका, पण पुढचं आयडलर (पट्टा वळवणारं मोकळं चाक) आणि मागचं ड्राइव्ह चाक (पट्टा ओढणारं) रात्रंदिवस एकमेकांकडे ओढलं जातं आणि त्यांच्या बारीक आसांवर भार बसतो. त्या दिवशी काहीच होत नाही. रंग झाल्यावर टर्पेंटाइनमधला वॉश, म्हणजे अगदी पातळ केलेला ऑइल रंग, तुम्ही चाकांभोवती सढळ हाताने सोडता, तो आपसूक आसाच्या मुळाशी शिरतो. टर्पेंटाइनने साधं प्लास्टिक विरघळत नाही, पण ताणाखालच्या प्लास्टिकला केसाएवढी चीर पडते आणि ती वाढत जाते. सकाळी चाक टेबलावर पडलेलं असतं. दोष सिमेंटचा नसतो.

म्हणून पट्टा सैलच ठेवा. वरचा भाग सुपरग्लूने चाकांच्या माथ्यावर चिकटवा, घट्ट होईपर्यंत पट्टा आणि मडगार्डमध्ये स्पंजचा तुकडा दाबून ठेवा. चाकांचा वॉश बसवण्याआधीच उरका. तरीही आस तुटला तर मॉडेल फेकू नका: ०.५ मिमीचं भोक, पितळी तारेची खुंटी, सुपरग्लू. चाकामागे कोण बघतंय?

टर्पेंटाइन चित्रकलेच्या दुकानातलं घ्या. हार्डवेअरवाल्याचा एनसी थिनर प्लास्टिक खातो. आणि ‘वॉश लावला की झालं’ म्हणणाऱ्या गुरूला आधी विचारा, थांबलात किती? ॲक्रिलिक हिरव्यानंतर २४ तास, ग्लॉस वार्निशनंतर ४८ तास. ग्लॉस गाळलात तर मॅट रंग वॉश शोषतो, डाग पुसले जात नाहीत. अंबर (मातकट तपकिरी) ऑइल रंगाचा एक भाग, टर्पेंटाइनचे दहा; टोकदार ब्रशने फक्त बोल्ट आणि सांध्यांत. २० मिनिटांनी जवळजवळ कोरड्या चपट्या ब्रशने वरून खाली ओढा.

गंजाचा सोस आवरा. युद्धातला टी-३४ बहुधा गंजण्याइतका जगतच नसे. चिखल खाली, धूळ वर, मागच्या दोन एक्झॉस्टांभोवती डिझेलची काजळी. पट्ट्याच्या कडांवर पेन्सिलीचं शिसं घासा, चाकांच्या रबरावर अजिबात नको.

शेवटचा मॅट स्प्रे जुलैत मारू नका. दमट हवेत तो पांढरा धरतो. तसं झालंच तर कोरड्या दिवशी ग्लॉसचा हलका हात देऊन पुन्हा मॅट मारा, बहुतेक वेळा निघतो.