चित्रं माझी, प्रयोग माझा, हक्क प्रकाशकाचा

इटलीत रंगमंचावर काम करायचं आणि मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रंही काढायची, असं ज्यांनी ठरवलंय त्यांच्यासाठी लिहितेय. पोर्टफोलिओ कसा लावायचा, भाषा कितपत यायला हवी, हे तुम्हाला ठाऊक असणारच. मी थेट माझ्या चुकीवर येते. तिने माझी दोन वर्षं खाल्ली, आणि तो करार कपाटातून काढताना अजूनही पोटात गोळा येतो.

पण आधी थोडा धीर देते. "दोन्ही नका करू, एक काहीतरी धरा," असं तुम्हाला पुष्कळजण सांगतील. त्यांचं ऐकू नका. मी मूळची कुडाळची. पिंगुळीचे चित्रकथी पोथीतलं एकेक चित्र पुढे धरून गाताना लहानपणी पाहिलेत. सिसिलीच्या कांतास्तोरिएंचा, म्हणजे गावोगाव गाऊन गोष्ट सांगणाऱ्यांचा, चौकटी-चौकटींचा रंगवलेला फलक आणि त्यावर फिरणारी काठी पहिल्यांदा पाहिली, तेव्हा परकं काहीच वाटलं नाही. पातेर्नोचा चिच्चो बुसाक्का असाच फलकासमोर गायचा. जेनोवाच्या एमानुएले लुत्झात्तींनी नेपथ्यही केलं आणि मुलांची पुस्तकंही. १९७५ साली 'तेआत्रो देल्ला तोस्से' उभं करणाऱ्यांत ते होते. दारिओ फो नट म्हणून गाजले, पण शिकले मिलानच्या ब्रेरा अकादमीत, चित्रकला. जेक तेस्सारो तर 'लावान्या लुमिनोझा'वर, म्हणजे शाळेतल्या त्या जुन्या पारदर्शिका-प्रोजेक्टरवर, प्रेक्षकांसमोरच चित्र घडवत गोष्ट सांगतात. वाट आहे, मळलेली आहे.

आता माझी चूक. पहिलं चित्रपुस्तक मिळालं तेव्हा मी तीन वर्षं शाळा-वाचनालयांत कामिशिबाईचे, म्हणजे लाकडी चौकटीत एकेक चित्र सरकवत गोष्ट सांगायच्या जपानी पद्धतीचे, प्रयोग करत होते. करारात एक ओळ होती: आर्थिक उपयोगाचे सर्व हक्क, कोणताही अपवाद न ठेवता, प्रकाशकाकडे. मी ती वाचली होती. समजलीही होती. मला वाटलं, पुस्तकाचा करार आहे, तर 'सर्व' म्हणजे पुस्तकाचे सर्व. शिवाय मूळ कागद माझ्याच कपाटात होते. कागद माझे म्हणजे चित्रं माझीच, असं मी धरून चालले.

दीड वर्षाने त्याच चित्रांवर प्रयोग बसवला. एका वाचनालयाने सहा प्रयोग ठरवले, आणि प्रकाशकाचं पत्र आलं: परवानगी घ्या, मानधनातला वाटा द्या. कागद माझे होते, पण ती चित्रं पडद्यावर दाखवायचा, त्यांच्यावर नाट्यप्रयोग करायचा हक्क मी सही करून देऊन बसले होते. कागदाची मालकी वेगळी आणि त्यावरच्या चित्राचा हक्क वेगळा. चित्रं थोडी बदलून पुन्हा काढली तरी सुटका नव्हती, कारण रूपांतराचा हक्कही त्याच ओळीत गेला होता.

हे पुन्हा सांगते, कारण इथेच सगळे अडकतात. इटलीचा लेखनहक्काचा, म्हणजे कॉपीराइटचा, कायदा १९४१ चा आहे, क्रमांक ६३३. त्याच्या कलम १९ नुसार हे हक्क एकमेकांपासून स्वतंत्र असतात. छापायचा हक्क दिला म्हणून प्रयोगाचा हक्क आपोआप जात नाही. कायदा तुमच्या बाजूने उभा आहे. 'सर्व' या शब्दावर सही केली की ते संरक्षण तुम्ही स्वतःच काढून टाकता. म्हणून एक वाक्य घालायला सांगा: नाट्यप्रयोग, कथावाचन आणि प्रेक्षकांसमोर चित्रं दाखवण्याचे हक्क चित्रकाराकडे राहतील. मुदतही पाहा. प्रकाशन करारावर कायद्याने २० वर्षांची कमाल मर्यादा आहे. कमी मागायला लाजू नका. निव्वळ चित्रकाराला हे वाक्य नसलं तरी एक वेळ चालेल. तुम्हाला नाही चालणार, तुमचं अर्धं पोट त्यावर आहे.

पैशांचं थोडक्यात. दोन कामांचे दोन हिशेब ठेवा. चित्रांचं मानधन लेखनहक्काच्या खात्यात येतं, त्यात करपात्र रकमेतून २५ टक्के वजावट मिळते, पस्तिशीच्या आत असाल तर ४०. रंगमंचाचे मात्र दिवस मोजले जातात, आणि ते निवृत्तिवेतनासाठी नोंदले जावे लागतात. जुने नट अजून 'एनपाल्स' म्हणतात, ती रंगकर्मींची निवृत्तिवेतन संस्था. ती २०११ च्या अखेरीस इन्प्समध्ये, म्हणजे इटलीच्या सरकारी निवृत्तिवेतन संस्थेत, विलीन झाली. "या वेळी नोंदणीशिवाय करू" असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा. मी दोनदा हो म्हटलं होतं. ते दिवस कुठेही नोंदलेले नाहीत.

बोलोन्याच्या बालपुस्तक मेळ्याला जा, पण पहिल्या वर्षी काम मिळवायला म्हणून जाऊ नका. चित्रप्रदर्शनासाठी पाच चित्रांची मालिका पाठवा. निवड नाही झाली तरी पाच चित्रांत एक गोष्ट सलग धरायची सवय लागते, आणि रंगमंचावरही तीच लागते. 'आठवड्यात तुमची शैली शोधून देतो' म्हणणाऱ्या गुरूंपासून दूर राहा, माझं मत ठाम आहे. सार्मेदे गावी चित्रकलेच्या उन्हाळी वर्गाला जरूर जा. चित्रकार श्टेपान झावर्झेल यांनी १९८३ साली तिथे बालपुस्तकांतल्या चित्रांचं प्रदर्शन सुरू केलं, आणि गावातल्या रंगवलेल्या भिंती बघत नुसतं फिरलात तरी हात मोकळा होतो. पण शैली तिथून पिशवीत घालून आणता येत नाही. मला खरं शिकवलं ते एका म्हाताऱ्या बाहुलीवाल्या बाईंनी. त्यांनी माझ्या चित्रांबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही, फक्त मुलं कुठे चुळबुळतात ते बघायला सांगितलं.

घाबरून करारच टाळू नका. मी टाळले, वर्षभर, आणि ते त्या पत्रापेक्षा महाग पडलं. दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी ते वाक्य लिहून पाठवलं. नऊ दिवस उत्तर नाही. पुस्तक गेलं असं धरून मी रडूनही घेतलं. दहाव्या दिवशी संपादिकाबाईंची एक ओळ आली: वाक्य घातलंय, सही करून पाठवा.