बाइकवर दोन-दोन जीपीएस लावताय? मग या चुका टाळा

लडाखला किंवा स्पितीला निघालेल्या बाइकच्या हँडलवर हल्ली बऱ्याचदा दोन स्क्रीन दिसतात. एकावर गूगल मॅप्स, दुसरीकडे गार्मिनचा झूमो हा बाइकसाठीचा जीपीएस, नाहीतर नेटशिवाय चालणारं ऑर्गॅनिक मॅप्स हे नकाशाचं ॲप टाकलेला जुना फोन. विचार अगदी योग्य आहे. मनालीहून लेहला जाताना तांदीच्या पंपावर ‘पुढचा पंप 365 किलोमीटरवर’ अशी प्रसिद्ध पाटी लागते. अशा पट्ट्यात रस्ता दाखवणारं एकच यंत्र जवळ असणं परवडत नाही. पण दुसरं यंत्र पहिल्याच्याच वायरवर, पहिल्याच्याच नकाशावर आणि पहिल्याच्याच नेटवर्कवर चालत असेल, तर पहिलं बंद पडेल त्या क्षणी तेही बंद पडतं. पुढच्या बहुतेक चुका याच दुर्लक्षातून होतात.

दोन्ही यंत्रं एकाच सॉकेटवर

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. हँडलवर दोन तोंडांचा एक यूएसबी सॉकेट बसवलेला असतो, त्याला मागे एकच वायर आणि एकच फ्यूज. ताम्हिणीच्या पावसात सॉकेटमध्ये पाणी शिरलं की दोन्ही स्क्रीन स्वतःच्या बॅटरीवर येतात. पूर्ण ब्राइटनेसवर जीपीएस चालू ठेवलेला फोन काही तासांत मान टाकतो आणि जुना फोन त्याच्याही आधी.

मुख्य यंत्राची वायर थेट बॅटरीवरून घ्या, तिला स्वतःचा फ्यूज द्या आणि मध्ये रिले टाकून घ्या, म्हणजे किल्ली बंद केल्यावर ते बॅटरी खात बसणार नाही. दुसरं यंत्र बाइकच्या विजेवर ठेवूच नका. टँक बॅगेत पॉवर बँक आणि एक छोटी केबल एवढं त्याला पुरतं. मुक्कामाला पोचल्यावर पॉवर बँक भरून घेतली की झालं. जादाचे फ्यूज खिशात ठेवा; ते कुठल्या क्षमतेचे हवेत हे वायरिंगवाल्याकडून आधीच माहीत करून घ्या.

‘चार्जिंग दिसतंय, पण टक्के उतरताहेत’ ही तक्रारही नेहमीची आहे. कधी सॉकेट जेवढी वीज देतो त्यापेक्षा स्क्रीन आणि जीपीएस मिळून जास्त खातात, तेव्हा ब्राइटनेस कमी करून पाहा. कधी थरथरीने पिन सैल झालेली असते. आणि कधी फोन तापलेला असतो. मे महिन्यात राजस्थानातून जाताना फोन उन्हात असेल तर तो स्वतःला वाचवण्यासाठी चार्जिंग थांबवतो. अशा वेळी केबल बदलून काही होत नाही, फोनला सावली आणि वारा लागतो. वायरलेस चार्जिंगच्या माउंटवर फोन आणखी तापतो, म्हणून उन्हाळ्याच्या राइडला साधी केबलच बरी. चार्जिंगच्या तोंडात ओल असल्याची सूचना आली तर केबल पुन्हा खुपसू नका. फोन आत ठेवा, सुकू द्या आणि तोवर दुसऱ्या यंत्रावर चला. दुसरं यंत्र अशाच वेळेसाठी असतं.

दोघांना फक्त ठिकाण सांगायचं, रस्ता सांगायचाच नाही

दोन्ही यंत्रांत स्पितीतलं ‘काझा’ टाकलं, मनालीहून निघालो, अटल बोगद्यातून पलीकडे गेलो. एक म्हणतं उजवीकडे कोकसर, ग्राम्फू, बातल करत कुंजुम ला (‘ला’ म्हणजे खिंड) चढा. दुसरं म्हणतं मागे फिरा आणि शिमला-किन्नौरच्या वाटेने या. इथे खराब कोणीच झालेलं नाही. कुंजुम ला हिवाळ्यात बर्फामुळे महिनोन्महिने बंद असतो. ऑफलाइन नकाशाला रस्ता दिसतो, पण तो आज चालू आहे की नाही हे त्याला कळत नाही. नेटवर चालणाऱ्या ॲपला ते कधी कळतं, कधी नाही. अशा ठिकाणी तिसरं ॲप उघडू नका. कोकसरच्या धाब्यावर किंवा पोलिसांच्या चौकीवर विचारा. आज पलीकडून गाड्या आल्या का, एवढा एकच प्रश्न पुरतो. आपल्याकडे पावसाळ्यात भोर-महाड रस्त्यावरचा वरंधा घाट असाच वाहतुकीला बंद होतो, आणि जुना ऑफलाइन नकाशा खुशाल तिकडे पाठवतो.

दुसरं कारण नकाशाच्या वयाचं. निम्मू-पदुम-दारचा हा सुमारे 298 किलोमीटरचा रस्ता सीमा रस्ते संघटनेने मार्च 2024 मध्ये जोडला. त्याआधीचा नकाशा ज्या यंत्रात आहे, त्याच्या लेखी ही वाट सलग नाहीच. निघण्याच्या आठवड्यात दोन्हीकडचे नकाशे ताजे करून घ्या. गूगलचे ऑफलाइन नकाशे मुदतीचे असतात हेही लक्षात ठेवा. दोन वर्षांपूर्वीच्या सहलीला उतरवलेला भाग आज फोनमध्ये असेलच असं नाही.

तिसरं कारण वाहनाचं, आणि ते महाराष्ट्रातून निघतानाच आडवं येतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू या तिन्हींवर दुचाकीला बंदी आहे. गूगल मॅप्समध्ये भारतासाठी दुचाकीचा वेगळा मोड 2017 पासून आहे. ऑर्गॅनिक मॅप्समध्ये तसा मोड नाही, ते चारचाकीचाच रस्ता काढतं. मग कळंबोलीला एक स्क्रीन जुन्या महामार्गावर नेते आणि दुसरी सरळ द्रुतगतीच्या तोंडाशी. दुसऱ्या यंत्रात मोटरवे टाळण्याची सेटिंग आधीच चालू करून ठेवा. ओस्मअँड या दुसऱ्या ऑफलाइन नकाशाच्या ॲपमध्ये मोटरसायकलचं प्रोफाइल मिळतं, ते निवडा.

यावरचा खरा इलाज म्हणजे रस्ता घरीच कंप्यूटरवर नीट आखा, त्याची जीपीएक्स फाइल (आखलेला रस्ता एका यंत्रातून दुसऱ्यात नेणारी फाइल) करा आणि तीच फाइल दोन्ही यंत्रांत टाका. फाइल करताना ‘ट्रॅक’ म्हणून साठवा, ‘रूट’ म्हणून नको. रूटमध्ये मोजकेच बिंदू असतात, आणि त्यांच्यामधला रस्ता प्रत्येक यंत्र आपल्या मनाने काढतं. ट्रॅक म्हणजे आखलेली अख्खी रेघ. ती सगळीकडे तशीच दिसते, यंत्र तिला हात लावत नाही. आवाजाने वळणं सांगायला रूट सोयीचा, हे खरं. म्हणून मुख्य यंत्रात दोन्ही ठेवा, दुसऱ्यात निदान रेघ तरी असू द्या. रूट रेघ सोडून भलतीकडे निघाला की लगेच लक्षात येतं.

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. ऑर्गॅनिक मॅप्स आणि ओस्मअँड ही दोन्ही ॲप्स ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाच्या एकाच माहितीवर चालतात. दोन फोनवर ही दोन ॲप्स टाकली तर नकाशातली चूक दोन्हीकडे सारखीच असणार, आणि ‘दोघंही हेच सांगताहेत’ म्हणून तुम्ही निर्धास्त व्हाल. एकाचा नकाशा वेगळ्या घरचा हवाच.

अक्षांश-रेखांश टाकताना

होमस्टेवाल्याने पाठवलेले आकडे एका यंत्रात बरोबर लागतात आणि दुसऱ्यात भलतीकडेच, असं झालं तर आधी लिहिण्याची पद्धत पाहा. लेह साधारण 34.15 उत्तर, 77.58 पूर्व या जागी आहे. हे अंश दशांशात आहेत. यंत्राची सेटिंग अंश-मिनिटांची असेल आणि तुम्ही 34 अंश 15 मिनिटं, 77 अंश 58 मिनिटं असं टाकलंत, तर खूण उत्तरेकडे सुमारे 11 आणि पूर्वेकडे सुमारे 35 किलोमीटर सरकते, म्हणजे लेह सोडून डोंगरातच जाते. दोन्ही यंत्रांत एकच पद्धत ठेवा आणि टाकलेली खूण नकाशावर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गिअर टाकू नका.

दोन आवाज, एक हेल्मेट

हेल्मेटमधल्या इंटरकॉमला दोन्ही यंत्रं जोडू नका. एक ‘डावीकडे वळा’ म्हणतं, चार सेकंदांनी दुसरं तेच सांगतं, तोवर तुम्ही वळलेले असता आणि मग पुढचं डावं वळण घेता. बोलायचं एकाच यंत्राने. दुसऱ्याला फक्त मोठा, लांबवरचा नकाशा दाखवू द्या. घाटातली पुढची चार वळणं, जवळचं गाव, नदी कुठल्या हाताला आहे, हे त्यावर एका नजरेत कळतं.

माउंट, चुंबक आणि थरथर

मोठ्या इंजिनाच्या थरथरीने आयफोनच्या कॅमेऱ्याचं नुकसान होऊ शकतं, असं खुद्द ॲपलने 2021 मध्ये जाहीर केलं. त्यामुळे चांगला फोन थेट हँडलला आवळू नका, मध्ये थरथर शोषणारा तुकडा घ्या. त्यापेक्षाही बरं म्हणजे हँडलवर जुना फोन लावा आणि चांगला खिशात ठेवा. बाइक पडली तर हँडलवरची दोन्ही यंत्रं एकदम फुटू शकतात, तेव्हा खिशातलं कामाला येतं.

थांबलेलं असताना नकाशा गरागरा फिरत असेल तर टँक बॅगेचं किंवा माउंटचं चुंबक होकायंत्राला चकवतंय. चालू लागल्यावर दिशा आपोआप जागेवर येते. पण चालतानाही जागा उड्या मारत असेल तर स्वस्तातला चार्जर आणि डॅशकॅम एकेक करून बंद करून पाहा. उपग्रहाचा सिग्नल फार क्षीण असतो, तो त्यांच्या गोंगाटात दबतो.

उंची जुळत नाही म्हणून यंत्र बिघडलं असं समजणं

खारदुंग ला इथल्या पाटीवर 18,380 फूट लिहिलेलं असायचं; जीपीएसने मोजलेली उंची 5,359 मीटर, म्हणजे सुमारे 17,582 फूट. दोन यंत्रांतही पन्नास-साठ मीटरचा फरक सहज पडतो. जीपीएसला उंची मुळातच आडव्या जागेइतकी नेमकी कळत नाही, शिवाय काही ॲप्स समुद्रसपाटीपासूनची नव्हे, तर पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची उंची दाखवतात. रस्ता शोधण्याशी याचा काही संबंध नाही. तिकडे दुर्लक्ष करा.

सुरुवातीला जागाच सापडत नाही

बाइक रेल्वेने चंदीगडला पाठवली, यंत्र बॅगेत बंद होतं, आणि आता ते ‘शोधतोय’वरच अडकलंय. हे साहजिक आहे. नेट नसेल तर उपग्रहांची माहिती त्याला थेट आकाशातूनच घ्यावी लागते, आणि सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक पूर्ण मिळायला साडेबारा मिनिटं लागतात. मोकळ्यावर ठेवा आणि चहा घ्या. सारखं बंद-चालू केलं तर ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं.

परदेशातून मागवलेलं यंत्र

नुसतं जीपीएस दाखवणाऱ्या यंत्राला अडचण नाही. पण उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं, उदाहरणार्थ गार्मिन इनरीच, आणि उपग्रह फोन भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. गेल्या काही वर्षांत गोवा आणि दिल्लीच्या विमानतळांवर परदेशी पाहुण्यांना याच कारणाने अडवलं गेलंय. अमेरिकेतून येणाऱ्या चुलतभावाला ‘येताना एक घेऊन ये’ असं सांगू नका. लडाखमध्ये संपर्कासाठी पोस्टपेड सिम न्या. बाहेरच्या राज्यांतलं प्रीपेड तिथे चालत नाही.

निघण्याआधीच्या रविवारी एक चाचणी राइड कराच. पुण्याहून महाबळेश्वर पुरे. दोन्ही फोन विमान मोडवर टाका. जीपीएस त्यातही चालतं. जाताना मुख्य यंत्र वापरा. वाईत थांबून त्याची वायर काढा, ते बंद करून बॅगेत टाका, आणि पुढचा घाट व परतीचा अख्खा रस्ता फक्त दुसऱ्या यंत्रावर आणि त्याच्या पॉवर बँकेवर करा. काय राहिलंय ते घरी पोचेपर्यंत कळतं, आणि ते दुरुस्त करायला अजून आठवडा हातात असतो.