फोर्ज्ड आयर्न घेताय? आधी या चुका टाळा

बत्तीस वर्षं सांगलीजवळच्या कुपवाडच्या एमआयडीसीत फोर्जिंग हॅमरच्या धडधडाटात काढली की एक समजूत अंगात भिनते : ठोकून घडवलेला माल ओतीव मालापेक्षा सरसच असणार. क्रँकशाफ्टच्या बाबतीत ती खरी आहे. गोल्फच्या आयर्नच्या, म्हणजे धातूच्या चपट्या डोक्याच्या क्लबच्या, बाबतीत तिच्यापायी माझी दोन वर्षं गेली.

पुण्यातल्या एका ओळखीच्या गृहस्थांकडून मी जुना जपानी फोर्ज्ड ब्लेडचा (मागे भरीव, पातळ आयर्नचा) सेट घेतला, तेव्हा माझा हँडिकॅप २६ होता (हा आकडा जितका मोठा तितका खेळाडू कच्चा). पहिल्या दिवशी क्लब नुसते मांडीवर घेऊन बघत बसलो. सुरीसारखी पातळ कड, मागे गुळगुळीत पोलाद, कुठे प्लॅस्टिकचा तुकडा नाही की भडक रंग नाही. मारायला लागलो तेव्हा सात नंबरने बॉल कधी १४५ यार्ड जायचा, कधी ९५. डिसेंबरच्या सकाळी एखादा फटका टोकाकडे बसला की मनगटापासून कोपरापर्यंत झिणझिण्या.

आमच्याकडे गोल्फ खेळणारे मोजकेच. कुपवाडच्या पुढे एका माळावर सात-आठ जण जमतो, बॉल मारतो, आणि महिन्यातून एकदा गाडी काढून पुण्याला खऱ्या मैदानावर जातो. या सात-आठांतल्या चौघांनी माझ्यासारखीच चूक केली. म्हणून हे लिहायला घेतलं.

‘फोर्ज्ड’ हा शिक्का म्हणजे दर्जा नव्हे

फोर्जिंग म्हणजे काय हे सांगलीकराला वेगळं सांगायला नको. मऊ कार्बन स्टीलची सळई साधारण १२०० अंशांपर्यंत तापवायची, डायमध्ये ठेवून टप्प्याटप्प्याने ठोकायची, बाहेर आलेली फ्लॅश (जादा धातूची कड) ट्रिम करायची, मग ग्राइंडिंग, पॉलिश आणि क्रोम. आयर्नसाठी बहुधा १०२० किंवा १०२५ ग्रेडचं स्टील घेतात, म्हणजे कार्बन पाव टक्क्याच्या आसपास. ओतीव आयर्नचं तंत्र मूर्तिकारांच्या जवळचं : मेणाचा नमुना, त्यावर सिरॅमिकचं कवच, मेण वितळवून काढायचं आणि आत स्टेनलेस स्टीलचा रस. बहुतेक वेळा १७-४ किंवा ४३१ ग्रेड.

आता ग्रेन फ्लो. ठोकलेल्या धातूचे कण आकाराच्या वळणाने वाहत जातात हे जाहिरातीत लिहिलेलं असतं, आणि ते खोटं नाही. पण त्याचा उपयोग कुठे होतो ते बघा. क्रँकशाफ्टला कोट्यवधी फेरे सोसायचे असतात, तिथे कणांची ही ठेवण जीव वाचवते. आयर्नला ४६ ग्रॅमहून थोडा हलकाच बॉल मारायचा असतो. हौशी खेळाडूच्या हातून ओतीव हेड मोडल्याचं मी तरी पाहिलं नाही (एक अपवाद आहे, तो पुढे येईल). ताकद हा इथे प्रश्नच नाही. फटका मधोमध बसला नाही तर काय होतं, हा प्रश्न आहे. त्याचं उत्तर धातू कसा घडवला यात कमी आणि वजन कुठे ठेवलं यात जास्त आहे.

ब्लेडमध्ये वजन मधल्या भागामागे गोळा झालेलं असतं. कॅव्हिटी बॅकमध्ये मागून खरवडून ते कडांना नेलेलं असतं, त्यामुळे टोकाकडे बॉल लागला तरी हेड हातात कमी फिरतं आणि अंतर कमी तुटतं. ही कल्पना रुजवणाऱ्यांत कार्स्टन सोल्हाइम हे मोठं नाव. जनरल इलेक्ट्रिकमधला हा इंजिनिअर पुढे पिंग ही क्लब बनवणारी कंपनी काढून बसला. कडांना वजन नेण्याचा आडवातिडवा आकार ठोकून काढण्यापेक्षा ओतून काढणं सोपं, म्हणून ‘ओतीव म्हणजे नवशिक्याचं, घडीव म्हणजे उस्तादाचं’ अशी जोडी लोकांच्या डोक्यात बसली. पण फोर्ज्ड कॅव्हिटी बॅकही असतात, आतून पोकळ आणि फक्त फेस (बॉलला लागणारी बाजू) फोर्ज्ड असलेलेही असतात. उलट बाजूने बघायचं तर बब्बा वॉटसनने २०१२ आणि २०१४ ची मास्टर्स स्पर्धा पिंगच्या ओतीव आयर्नवर जिंकली.

लोहचुंबक लावून ओळखायला जाऊ नका

आमच्यातल्या एकाने जुन्या बाजारातून ‘फोर्ज्ड’ छापलेला सेट आणला आणि माळावरच चुंबक लावून दाखवला. चिकटला, म्हणजे अस्सल कार्बन स्टील! स्टेनलेसला चुंबक चिकटत नाही ही गोष्ट स्वयंपाकघरातल्या ताटवाट्यांची. १७-४ आणि ४३१ दोन्ही चुंबकाला चिकटतात. हेडवर नुसतं बोटाने टिचकी मारून आवाज ऐकणंही फसवं, कारण आवाज आकारावर आणि जाडीवर फार अवलंबून असतो. मॉडेलचं नाव शोधा आणि कंपनीने स्वतः काय लिहिलंय ते वाचा. हेड फोर्ज्ड, की फक्त फेस, तेही नीट बघा.

हातातल्या ‘फील’वर भाळणं

इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात.

मिरजेत तंबोरा जुळवताना पाहिलंय का? घोडीवर तारेखाली सुताचा धागा केसभर सरकवला की तीच तार, तोच भोपळा, पण जव्हारी उघडते आणि ऐकणाऱ्याला वाटतं वाद्यच बदललं. आयर्नच्या ‘मऊ फील’चंही पुष्कळसं असंच आहे. बॉल फेसवर सेकंदाच्या जेमतेम दोन हजाराव्या भागाइतका वेळ असतो. कंप शाफ्टमधून (क्लबच्या दांड्यातून) वर येऊन हाताला कळेपर्यंत बॉल निघून गेलेला असतो. आपण ज्याला हाताची जाणीव म्हणतो त्यात कानाचा वाटा मोठा. खात्री करायची तर कानात कापसाचे बोळे घालून दहा बॉल मारून बघा. माझा लाडका ब्लेड अर्ध्याहून अधिक ‘मऊपणा’ तिथेच गमावून बसला. आणि त्या आवाजातसुद्धा स्टीलच्या जातीपेक्षा हेडच्या आकाराचा हात मोठा : भरीव हेड दबका ठोका देतं, पातळ फेसचं पोकळ हेड टणत्कारतं.

मिरजेचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. तिथले सतारमेकर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारींना धार-पॉलिश करणारे. आणि जपानमधल्या ज्या हिमेजी परिसरात मिउरा कंपनीची आयर्न घडतात, तो मुलूखही तलवारींसाठी नावाजलेला. आमच्या माळावर हे सांगितलं की माझा मान दोन मिनिटं वाढतो.

फीलचा खरा उपयोग एकच : फटका कुठे बसला हे सांगणं. ब्लेड ते फार स्पष्ट सांगतो. दहांतले सात फटके मधोमध मारणाऱ्याला उरलेल्या तिघांची बातमी हवी असते. माझ्यासारख्याला दहांतल्या आठ चुकांची बातमी मिळायची, आणि बातमी मिळाली म्हणून स्विंग सुधारत नाही. उलट मी बॉलकडे भीतभीत जायला लागलो.

मार्कर न लावता सेट निवडणं

आमच्यात एक निवृत्त सुभेदार आहेत, सगळे त्यांना आबा म्हणतात. गोल्फ शिकले लष्कराच्या मैदानांवर, जिथे ग्रीनच्या (होलभोवतीच्या हिरवळीच्या) जागी वाळूचे ‘ब्राउन’ असायचे. त्यांची आयर्न ओतीव, जुनी, क्रोम उडालेली. माझे हाल बघून एक दिवस म्हणाले, “सुपरवायझर, ह्यो क्लब बाजूला ठेवा. माझा घ्या आन् ईस बॉल मारा. पर आधी तोंडाला रंग लावा त्याच्या.”

व्हाइटबोर्डच्या मार्करने फेस रंगवायचा. बॉल लागला की तेवढा रंग पुसतो. प्रत्येक फटक्यानंतर फोनवर फोटो, पुन्हा रंग. वीस बॉल त्यांच्या सात नंबरने, वीस माझ्याने. ठिपके दोन्हींवर सारखेच विखुरलेले होते, बहुतेक टोकाकडे. म्हणजे मी दोन्हींनी सारखाच वाईट मारत होतो! पण आबांच्या क्लबने बॉल १२० ते १४० यार्डांत पडले, माझ्याने ९५ ते १४५. सगळ्यात लांबचा फटका माझ्या ब्लेडचाच होता, आणि त्या एका फटक्यासाठीच मी दोन वर्षं उरलेले एकोणीस विसरत आलो होतो.

तेव्हापासून माझा ठोकताळा असा. ठिपके दहा रुपयांच्या नाण्याखाली झाकले जात असतील तर हवा तो ब्लेड घ्या, तुम्हाला माझ्या सल्ल्याची गरज नाही. ठिपके नाण्याच्या आजूबाजूला, पण एकाच बाजूला झुकलेले असतील तर फोर्ज्ड कॅव्हिटी बॅक किंवा पोकळ बांधणीचा सेट तुम्हाला मानवेल. बारा ते अठरा हँडिकॅपचे बरेच जण इथे बसतात. आणि ठिपके फेसभर उधळलेले असतील तर रुंद सोलचा (सोल म्हणजे हेडचा तळ), कडांना वजन असलेला ओतीव सेट घ्या. उरलेल्या पैशांत शिकवणी लावा.

सोलचं मुद्दाम बोललो. पावसाळ्यात कृष्णाकाठच्या काळ्या मातीत ब्लेडचा अरुंद सोल नांगराच्या फाळासारखा शिरतो. बॉलच्या दोन बोटं आधी जमिनीला लागलं की संपलं. रुंद सोल घसरून पुढे जातो आणि अर्धी चूक पोटात घालतो.

सात नंबरशी सात नंबर ताडून बघणं

माझ्या जुन्या सेटचा सात नंबर ३५ अंश लॉफ्टचा (लॉफ्ट म्हणजे फेसचा मागे झुकलेला कोन; तो कमी तितका बॉल लांब). आजच्या लांब मारणाऱ्या सेटमध्ये सात नंबर २८ ते ३० अंशांचा असतो, म्हणजे जुना पाच किंवा सहाच. दुकानात दोन्ही मारून ‘नवा वीस यार्ड लांब जातो’ असं म्हणणारे बरेच. अंकाकडे बघू नका, लॉफ्ट विचारा. शिवाय अशा सेटचा पिचिंग वेज (जवळच्या उंच फटक्यांचा क्लब) ४३-४४ अंशांचा असला आणि तुमच्याकडचा पुढचा वेज ५६ चा असला, तर मध्ये बारा-तेरा अंशांचा खड्डा पडतो. तो भरायला आणखी एक क्लब लागतो, आणि बॅगेत चौदाच चालतात.

व्हाइसमध्ये धरून लाय वाकवणं

फोर्ज्ड मऊ स्टीलचा खरा, हाताला लागणारा फायदा म्हणजे हेडची मान वाकवून लाय (शाफ्ट जमिनीशी किती उभा, तो कोन) आणि लॉफ्ट तुमच्या उंचीला, उभं राहण्याच्या ढबीला जुळवता येतात. लाय दोन अंश जास्त उभा असेल तर सात नंबरचा फटका दीडशे यार्डांवर काही यार्ड डावीकडे जातो (उजव्या हाताने खेळणाऱ्याचा), आणि जास्त लॉफ्टच्या क्लबवर हा फरक वाढतो. बॉल सतत एकाच बाजूला जात असेल तर स्विंगला शिव्या देण्याआधी लाय तपासून घ्या.

पण ते काम लॉफ्ट-लाय मशीनवरच. आमच्या शॉपमधल्या एकाने १७-४ चा ओतीव क्लब बेंच व्हाइसमध्ये धरला, मानेत पाइप घातला आणि जोर लावला. मान काकडीसारखी तुटली. ओतीव हेड मोडल्याचा मघाशी म्हटलेला अपवाद तो हाच. फोर्ज्डमध्येही दोनेक अंशांच्या पुढे जाऊ नये, आणि लॉफ्ट एक अंश कमी केला की सोलचा बाउन्सही (तळ जमिनीत न रुतता घसरायला मदत करणारा कोन) एक अंशाने घटतो, हे वाकवणाऱ्याला आधीच विचारावं.

शाफ्टचा दोष हेडवर ढकलणं

जुने फोर्ज्ड सेट बहुधा चांगल्या खेळाडूंकडून येतात, त्यामुळे त्यांत १३० ग्रॅमच्या आसपासचे कडक स्टील शाफ्ट असतात. साठीच्या माणसाला ते ओढवत नाहीत. बॉल खाली, उजवीकडे, आणि नवव्या होलपर्यंत खांदे गळालेले. शंभर ग्रॅमच्या आतला स्टील किंवा त्याहून हलका ग्रॅफाइट घालून बघा, मग हेडबद्दल मत बनवा.

सगळा सेट एकाच जातीचा हवा हा हट्ट

चार-पाच नंबर मारणं सगळ्यांनाच जड जातं. तिथे माफ करणारं हेड, आणि आठ, नऊ, वेज फोर्ज्ड, अशी मिसळ व्यावसायिक खेळाडूही करतात. लांबीतला आणि लॉफ्टमधला क्रम सांभाळला की झालं.

मुरमावर मारणं आणि ओलं ठेवणं

मऊ स्टीलला खडा लागला की खड्डा पडतो. आमच्या माळावर मुरूम आहे, आणि तिथे मी तो सुंदर सेट चटई न टाकता वापरला. क्रोम जिथे फुटतं तिथून कार्बन स्टील गंजतं. बॅगेत क्लब एकमेकांवर आपटूनही तेच होतं. खेळून आल्यावर पुसा, वाळवा, ओल्या टॉवेलशेजारी ठेवू नका.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात गावभागातल्या आमच्या तळमजल्यावर बॅग तीन दिवस पाण्याखाली होती. तोवर मी ओतीव स्टेनलेसचा सेट घेतला होता. ती हेडं धुऊन पुसली आणि पहिल्यासारखी झाली, ग्रिप तेवढ्या बदलाव्या लागल्या. फोर्ज्ड सेटवर मुरमाच्या प्रत्येक खड्ड्यातून तांबूस ओघळ आलेले. शाफ्ट हलवले की आत गंजाचे कण खुळखुळायचे. आठ, नऊ आणि वेजला नवे शाफ्ट घातले, ते आजही माझ्या बॅगेत आहेत आणि माझे सगळ्यात विश्वासाचे क्लब तेच. पाच, सहा, सात माळ्यावर. चार नंबर परड्यात असतो, शेवग्याच्या शेंगा पाडायला त्याची लांबी बरोबर पुरते.