बाळ टीव्हीशिवाय जेवत नाही?

दोन वर्षांखालच्या बाळांना टीव्ही नकोच, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय. पण सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारभर दारं-खिडक्या लावून बसलं की रिमोट हाताशी येतोच. सवय मोडायला सुरुवात जेवणापासून करा. पडद्याकडे बघत बाळ नुसतं तोंड उघडतं, पोट भरल्याकडे त्याचं लक्षच नसतं. टीव्ही बंद करून त्यावर चादर टाका. सोलापुरात चादरींना काय तोटा! दुधात कुस्करलेल्या भाकरीची वाटी बाळापुढे ठेवा, सांडलं तर सांडू द्या. सुरुवातीला रडेल. ते जागं असताना आजींची मालिकाही बंद. हे पटवणं जास्त अवघड. ऊन उतरलं की सिद्धेश्वर तलावाकडे चक्कर मारा.