ओळखी भरपूर पण काम येत नाही? धंद्यात नेटवर्किंग करताना या चुका टाळा

मागच्या वर्षी टेबलाचा खण आवरत होते तेव्हा रबरबँड लावलेला व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा सापडला. मोजली तर त्रेचाळीस कार्डं निघाली, आणि त्यातल्या फक्त पाच जणांचे चेहरे मला आठवले. खूप वाईट वाटलं, कारण त्यातल्या प्रत्येक कार्यक्रमासाठी मी दिवस मोडून गेले होते, घरचं सगळं आधी उरकून, चांगली तयार होऊन, आणि हातात काय राहिलं तर हा गठ्ठा.

मी पॅकेजिंग डिझाइन करते, नऊ वर्षं झाली. पहिली चार वर्षं मला वाटायचं आपल्या ओळखी कमी पडतायत म्हणून काम येत नाही. तसं नव्हतं. लोक मला ओळखत होते, पण मी काम काय करते ते त्यांना माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं त्यांना ते दुसऱ्याला सांगता येत नव्हतं. आपण समोर नसताना कुणीतरी आपलं नाव काढायला हवं, खरं काम तिथून येतं. खालच्या सगळ्या चुका मी स्वतः केल्यात किंवा जवळच्या मैत्रिणींना करताना पाहिल्यात.

"माझा छोटासा बिझनेस आहे"

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून आधी हीच. कुणी विचारलं काय करता, की आपण म्हणतो "माझं डिझाइनचं छोटंसं काम आहे" किंवा "घरूनच करते थोडंफार". समोरचा "अरे वा" म्हणतो आणि विषय संपतो. त्याने तरी पुढे काय करायचं, त्याच्या हातात आपण काही दिलंच नाही ना.

मी एकदा ओळखीच्या तीन जणांना सरळ विचारलं की मी काय काम करते ते एका वाक्यात सांगा. एक म्हणाली "डिझाइनचं काहीतरी", दुसरी म्हणाली "लोगो वगैरे", आणि तिसरे एक सर होते ते म्हणाले "प्रिंटिंग". यातलं एकही उत्तर धड नव्हतं! त्या दिवसापासून माझं वाक्य बदललं: "लहान उत्पादकांचा माल कुरियरमध्ये फुटू नये असे बॉक्स मी डिझाइन करते." बस. यात कुणासाठी, कुठली अडचण आणि मी काय करते हे तिन्ही आलं, आणि मुख्य म्हणजे ऐकणाऱ्याच्या डोक्यात लगेच कुणाचं तरी नाव येतं, की अरे त्या अमक्याचा माल सारखा फुटून परत येतो.

तुम्हीही तीन जणांना विचारून बघा. तिघांची उत्तरं वेगवेगळी आली तर अजून चार कार्यक्रमांना जाण्याआधी हे वाक्य बसवा. आणि "छोटंसं", "थोडंफार", "जमेल तसं" हे शब्द त्यातून काढून टाका, नम्रता वागण्यात असू दे, कामाच्या वर्णनात नको. ऑनलाइन प्रोफाइलवर नावाखाली जी ओळ असते तिथेही हेच वाक्य टाका, नुसतं "फाउंडर" लिहून कुणाला काही कळत नाही.

सारखं त्याच बारा जणींत बसणं

कार्यक्रमात गेलं की आपल्या ग्रुपच्या मैत्रिणी दिसतात आणि आपण तिकडेच जाऊन बसतो, साहजिक आहे. पण धंद्याच्या हिशेबाने त्या बारा जणींना जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही आधीच माहीत असतं. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली यावर लिहिलं होतं. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्याने विचारलं की ज्याच्याकडून ही नोकरी कळली तो माणूस तुम्हाला कितीदा भेटायचा, तर नेहमी भेटणाऱ्यांकडून कळली असं सांगणारे शंभरात सतराच्या आसपासच निघाले, बाकी सगळ्यांना अधूनमधून किंवा अगदी क्वचित भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. म्हणजे ज्याला आपण नुसती तोंडओळख म्हणतो तीच कामाला आली. २०२२ साली लिंक्डइनवरच्या जवळपास २ कोटी लोकांवर पाच वर्षं केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष आले, त्यातही फार जवळच्या ओळखींपेक्षा मध्यम दूरच्या ओळखी नोकरी बदलायला जास्त उपयोगी पडल्याचं दिसलं.

पण थांबा, यावरून मैत्रिणींचा ग्रुप सोडा असा अर्थ काढू नका, कारण ग्रॅनोव्हेटरच्या त्या अभ्यासात सगळे पुरुष होते. बायकांचं गणित थोडं वेगळं आहे. २०१९ साली यांग, चावला आणि उझी या संशोधकांनी एका नामांकित बिझनेस स्कूलच्या विद्यार्थ्यांची नेटवर्कं तपासली. ज्या मुलींच्या ओळखी सगळ्या बॅचभर पसरलेल्या होत्या आणि शिवाय अगदी जवळच्या वर्तुळात जास्त करून मुलीच होत्या, त्यांना मिळालेल्या नोकरीचा दर्जा हा ओळखी कमी आणि जवळचं वर्तुळ मुलांचं असलेल्या मुलींपेक्षा अडीच पट वरचा होता. मला हे अगदी पटतं. कुठल्या कंपनीत बायकांचं ऐकून घेतात, कोण पेमेंट लटकवतं, कुठल्या मीटिंगला एकटीने जाऊ नये, हे दुसरी बाईच सांगते. तेव्हा दोन्ही लागतं, विश्वासाच्या तीन-चार जणी आणि बाहेर लांबपर्यंत पसरलेल्या तोंडओळखी. त्या तीन-चार जणीही वेगवेगळ्या क्षेत्रातल्या असल्या तर उत्तम, म्हणजे प्रत्येकीच्या मागे नवी माणसं असतात.

मी आता एक साधा नियम पाळते. कार्यक्रमात पहिला अर्धा तास ओळखीच्या कुणाजवळ बसायचं नाही. सुरुवातीला फार अवघड गेलं, अजूनही पहिली पाच मिनिटं जडच जातात.

संयोजनात अडकून पडणं

यावर मला जरा जास्त लिहायचंय कारण याबद्दल कुणी बोलत नाही. कुठल्याही ग्रुपमध्ये कामसू बाई असली की हजेरीची यादी तिच्याकडे, सर्टिफिकेटं छापून आणणं तिच्याकडे, फोटो टाकणं, हॉल बुक करणं, सगळ्यांना आठवणीचे मेसेज, सगळं तिच्याचकडे. ती दिवसभर पळत असते आणि बाकीचे तेवढ्या वेळात एकमेकांशी कामाचं बोलून घेतात. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या म्हणतात ते हेच. एका संघटनेत मी दोन वर्षं हे केलं, सगळे माझं कौतुक करायचे, पण त्या दोन वर्षांत तिथून मला एकही ऑर्डर आली नाही कारण लोकांच्या मनात मी "कार्यक्रम छान सांभाळणारी" होते, पॅकेजिंगवाली नव्हते.

हा फक्त आपल्या स्वभावाचा प्रश्न नाही. २०१७ साली अमेरिकेत लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या सहकारी संशोधक बायकांनी याचे प्रयोग करून बघितले. तीन जणांचा गट, कुणीतरी एकाने पुढे येऊन एक बटण दाबायचं, जो दाबेल त्याला इतरांपेक्षा कमी पैसे मिळणार. स्त्री-पुरुष एकत्र असताना बटण दाबणाऱ्यांत बायका पुरुषांपेक्षा ४८ टक्के जास्त निघाल्या. आणि पुढची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, नुसत्या बायकांचे आणि नुसत्या पुरुषांचे गट केले तेव्हा हा फरक उरला नाही. म्हणजे बायकांना अशी कामं आवडतात म्हणून त्या करत नाहीत, त्या करतील असं सगळ्यांनी आधीच धरलेलं असतं, आपणही धरलेलं असतं.

उपाय काय, तर सगळ्याला नाही म्हणू नका, काम निवडून घ्या. वक्त्यांची ओळख करून देणं, चर्चेचं सूत्रसंचालन, नव्या सदस्यांना फोन करणं, यात माणसं थेट भेटतात आणि तुमचा आवाज ऐकू येतो, ही कामं घ्या. यादी टाइप करण्याचं काम आलं तर "मागच्या वेळी मी केलं होतं, या वेळी पाळी ठरवूया का" असं ग्रुपवरच विचारा. हे वाक्य पहिल्यांदा पाठवताना माझा हात थरथरला होता, पण कुणालाही राग आला नाही, दोन पुरुष सदस्य आपणहून तयार झाले.

कार्ड घेतलं की झालं

इथे बहुतेकींचं गाडं अडतं. भेट होते, बोलणं छान होतं, आणि नंतर काहीच नाही, मग आठ महिन्यांनी आपल्याला काम पडलं की आपण मेसेज करतो, "हाय, ओळखलंत का?" समोरच्याला आपण कामापुरता मामा करतोय हे लगेच कळतं.

दोन दिवसांच्या आत मेसेज गेला पाहिजे. मी आधी काय लिहायचे बघा: "नमस्कार, काल भेटून छान वाटलं. काही काम असेल तर नक्की सांगा." असल्या मेसेजला कुणी काय उत्तर देणार? आता असं लिहिते: "नमस्कार, काल चहाच्या वेळी तुम्ही म्हणालात की काचेच्या बाटल्या पाठवताना झाकणाजवळ तडा जातो. मागे एका क्लायंटसाठी मी गळ्याला आधार देणारा पुठ्ठ्याचा पार्टिशन केला होता, त्याचा फोटो पाठवतेय. उपयोगी वाटला तर पुढच्या आठवड्यात पंधरा मिनिटं फोनवर बोलू." भेट एकच, पण दुसऱ्या मेसेजमध्ये त्यांचं बोलणं लक्षात ठेवल्याचं दिसतं, आपलं कामही दिसतं, आणि त्यांना हो किंवा नाही म्हणता येईल असा नेमका प्रश्न असतो.

लक्षात राहत नाही ही अडचण असेल तर वही करा, अॅप शोधत बसू नका. चार रकाने पुरतात: नाव, कुठे भेटलो, त्यांची सध्याची अडचण, मी काय देऊ शकते. तिसरा आणि चौथा रकाना रिकामा राहिला तर समजायचं की आपण नुसतं आपलंच बोलून आलो. घरी येताना रिक्षात, बसमध्ये बसल्याबसल्याच लिहून टाका कारण सकाळपर्यंत निम्मं विसरायला होतं.

सल्ला मागत राहणं, शब्द टाकायला मात्र न सांगणं

मेंटर, मार्गदर्शक, सल्लागार यांच्याकडे आपण नियमित जातो, वर्षानुवर्षं जातो, वही भरते. पण सल्ला देणारं माणूस वेगळं आणि आपल्यासाठी चार लोकांत शब्द टाकणारं माणूस वेगळं. काही जण दोन्ही करतात, पण आपण मागितल्याशिवाय नाही. आणि मागताना "माझ्याकडे लक्ष असू द्या" असं मोघम बोलू नका, "तुमची त्या खरेदी विभागातल्या मॅडमशी ओळख आहे ना, मला एक ओळखीचा मेल टाकाल का, मजकूर मीच लिहून देते" असं सांगा. मजकूर आपण लिहून दिला की त्यांचे कष्ट वाचतात आणि आपल्याबद्दल आपल्याला हवं ते वाक्य पुढे जातं. मेल गेला की काय झालं ते त्यांना परत येऊन सांगा, हे विसरणाऱ्यांसाठी कुणी दुसऱ्यांदा शब्द टाकत नाही.

कोर्सवर कोर्स

"आधी डिजिटल मार्केटिंगचा कोर्स होऊ दे, मग सुरू करते." हे मी इतक्या जणींकडून ऐकलंय, आणि बहुतेकींना काम आधीच उत्तम येत असतं. स्वतःची पात्रता असूनही आपण कमी पडतोय असं वाटत राहणं यावर पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोघींनी १९७८ सालीच लिहिलंय, आणि तो अभ्यास नाव कमावलेल्या बायकांचाच होता. कोर्स वाईट नसतात, पण पूर्णच होत नाहीत. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या एडएक्स या ऑनलाइन शिकवणाऱ्या वेबसाइटवरच्या मोफत कोर्सेसचा हिशेब २०१९ साली प्रसिद्ध झाला, त्यात २०१७-१८ मध्ये नाव घातलेल्यांपैकी जेमतेम ३ टक्के लोकांनी कोर्स पूर्ण केला होता.

म्हणून एका वेळी एकच स्किल घ्या, आणि तेही समोर असलेल्या कामाला लागणारं. मला कोटेशन नीट करता येत नव्हतं म्हणून मी एक्सेल शिकले, पूर्ण एक्सेल नाही, फक्त खर्चाची शीट बनवण्यापुरतं, आणि पहिल्याच आठवड्यात ती शीट खऱ्या क्लायंटसाठी वापरली. शिकलेलं पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून स्वतःला विचारा. २००६ च्या रोडिगर आणि कार्पिके यांच्या प्रयोगात नुसतं परत वाचणाऱ्यांना आठवड्यानंतर सुमारे ४२ टक्के आठवत होतं, आणि वाचून मग न बघता लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. आणि जे शिकलात ते कुणाला तरी दाखवा, सर्टिफिकेटचा फोटो टाकण्यापेक्षा त्या स्किलने केलेलं काम टाका, आधी काय होतं आणि नंतर काय झालं असं.

ओळखीत फुकट काम

भीड भिकेची बहीण. पहिलं काम फुकट केलं की दुसऱ्याचे पैसे मागायला जीभ उचलत नाही, आणि तो माणूस पुढे ज्यांना पाठवतो तेही फुकटचीच अपेक्षा घेऊन येतात. सवलत द्यायची असेल तर बिलावर पूर्ण रक्कम लिहा आणि खाली सवलत वजा करून दाखवा, म्हणजे आपल्या कामाची किंमत त्यांच्या डोक्यात राहते.

तरीही अडतंय?

मेसेजला उत्तर येत नाही: आठवड्याने एकदा आठवण करा, त्यात काहीतरी नवी उपयोगाची गोष्ट घालून, "माझा मेसेज बघितला का" असं नको. तरी नाही आलं तर सोडून द्या, दोन-तीन महिन्यांनी दुसऱ्या निमित्ताने बोलता येतं. लोक गडबडीत असतात, मनावर घेऊ नका.

संध्याकाळच्या कार्यक्रमांना जाता येत नाही: मग महिन्यातून दोन फोन ठरवा, दुपारी, वीस मिनिटांचे, एक जुन्या ओळखीला आणि एक नव्या. माझ्या एका मैत्रिणीचं लेकरू लहान होतं तेव्हा तिने दोन वर्षं एकही कार्यक्रम केला नाही, फक्त हे केलं, आणि तिचं काम थांबलं नाही.

समोरचा कामाचं सोडून भलतंच बोलायला लागतो, रात्री मेसेज करतो: हे होतं, आणि यात आपली चूक नसते. कामाचा नंबर वेगळा ठेवा, पहिली भेट ऑफिसात किंवा चार लोक असतील अशा ठिकाणी, दिवसा. उत्तर सकाळी द्या आणि फक्त कामाच्या मुद्द्याचं. तरी नाही थांबलं तर ती ओळख तोडा, कितीही मोठा माणूस असला तरी, आणि आपल्या त्या तीन-चार जणींना नाव सांगून ठेवा.